एका माणसाच्या दोन गोळ्या

गोंदिया जिल्ह्यात हत्तीरोगाची मोहीम निघाली की आशाताई आणि आरोग्य कर्मचारी गावोगाव, दारोदार फिरतात. वय पाहून गोळ्या मोजतात आणि आपल्या देखतच त्या गिळायला लावतात. याच जिल्ह्यातली आमवाताची एखादी रुग्ण आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी, मेथोट्रेक्सेटची छोटी पिवळी गोळी घेते. पहिली गोळी साऱ्या गावाची, दुसरी ज्याची त्याची. पण दोन्हींच्या मागे माणूस एकच आहे : डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव.

आंध्रातील भीमावरम येथे १२ जानेवारी १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. घरची ओढाताण, वडिलांचे छत्र लवकर हरपलेले. मॅट्रिकची परीक्षाही ते तिसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाले. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात असताना गांधीजींच्या हाकेला ओ देऊन त्यांनी खादी अंगावर घातली. इंग्रज प्राध्यापकाला ते रुचले नाही. परिणामी पूर्ण पदवीऐवजी त्यांच्या हाती दुय्यम दर्जाचे प्रमाणपत्र पडले. त्याच सुमारास संग्रहणीसारख्या एका आजाराने थोड्याच दिवसांच्या अंतराने त्यांचे दोन भाऊ दगावले. हे दुःख त्यांनी आयुष्यभर उरात वागवले.

पुढे सासरच्या आर्थिक मदतीने ते अमेरिकेत बोस्टनला गेले. पोटासाठी रुग्णालयात रात्रपाळी करावी, रुग्णांची भांडी धुवावीत आणि दिवसा हार्वर्डमध्ये शिकावे, असा क्रम सुरू झाला. सायरस फिस्के यांच्यासोबत त्यांनी रक्तातील फॉस्फरस मोजण्याची जी पद्धत १९२५ साली प्रसिद्ध केली, ती पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत रुळली. स्नायूंना शक्ती पुरवणाऱ्या रसायनांचा उलगडाही या जोडीने केला. तरीही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४० साली ते न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ले या औषध कंपनीत गेले. मायदेशी मागे राहिलेल्या पत्नीकडे ते कधीच परतले नाहीत.

लेडर्लेमधील आठ वर्षांत मात्र त्यांच्या कामाला बहर आला. १९४५ साली त्यांच्या चमूने फॉलिक आम्ल प्रयोगशाळेत तयार केले. ज्या आजाराने भाऊ नेले, त्यावर हेच जीवनसत्त्व गुणकारी ठरले. १९४७ साली हत्तीरोगावरील डीईसी हे औषध पुढे आले. फॉलिक आम्लाचीच नक्कल करून पेशींना चकवणारी औषधेही त्यांच्याच चमूने घडवली. आधी ॲमिनोप्टेरिन, मग मेथोट्रेक्सेट. बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिन रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांना दिले. काही मुले काही काळ खेळू-बागडू लागली, काहींना गुण आलाच नाही. १९४८ च्या जूनमध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि ऑगस्टमध्ये सुब्बाराव झोपेतच गेले. वय अवघे त्रेपन्न.

एकाच औषधाने एकाला उतार पडतो आणि दुसऱ्याला नाही, हे का? तो प्रश्न मागे उरला.

१९५१ साली अमेरिकी डॉक्टरांनी ॲमिनोप्टेरिन आमवातावर वापरून पाहिले. आमवातात शरीराची संरक्षक फौज आपल्याच सांध्यांवर उलटते. या विकारासाठी मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत रीतसर मान्यता मिळायला १९८८ साल उजाडले. दहा वर्षांनी जैविक औषधे आली. जिवंत पेशींत तयार होणारी ही इंजेक्शने त्या फौजेचा नेमका एखादा निरोप्या अडवतात. पण ती महागडी आहेत आणि सुमारे तिसऱ्या हिश्शाच्या रुग्णांना पहिल्या औषधाने पुरेसा गुण येत नाही. शेतकरी कुटुंबाने उसनवारी करून इंजेक्शन आणावे, तीन महिने वाट पाहावी आणि सूज तशीच राहावी, यासारखे दुर्दैव नाही.

आधीच ओळखता येईल का? थोडेफार येते. रक्तात आमवाताच्या विशिष्ट प्रतिपिंडांची खूण असेल, तर रिटुक्सिमॅब हे औषध लागू पडण्याचा संभव अधिक. धूम्रपान आणि लठ्ठपणा यांमुळे काही औषधांचा गुण कमी येतो. सांध्याच्या अस्तराचा बारीक तुकडा काढून, त्यातली जनुके वाचून औषध निवडण्याचा एक मोठा प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्याने आशा दाखवली. मात्र नेहमीच्या दवाखान्यात नेमके भाकीत करणारी चाचणी अजून हाती आलेली नाही.

आणि इथे पुन्हा सुब्बारावांची गाठ पडते. पुष्कळदा शरीर या परक्या इंजेक्शनाविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते आणि औषध निकामी होते. सोबत मेथोट्रेक्सेट चालू असेल, तर हा विरोध कमी होतो. मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी व्हावा म्हणून दिली जाते ती फॉलिक आम्लाची गोळी. तीही त्यांच्याच प्रयोगशाळेची देणगी!

घरच्यांनी ध्यानात ठेवावे असे थोडेच. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे. चुकून रोज घेतल्यास ते जिवावर बेतते, म्हणून कॅलेंडरवर वार लिहून ठेवावा. जैविक इंजेक्शनापूर्वी क्षयाची तपासणी चुकवू नये, कारण यातल्या काही औषधांनी दबलेला क्षय उसळतो. गुण आला नाही, तर दोष रुग्णाचा मानू नये. हत्तीरोगाच्या गोळीनंतरही ज्याच्या रक्तात जंतू अधिक, त्यालाच ताप अधिक येतो. साऱ्या गावाला सारखीच दिलेली गोळीसुद्धा प्रत्येक अंगात निराळी वागते.

मागे पडलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर अजून शोधले जात आहे. भारत सरकारने १९९५ साली, जन्मशताब्दीनिमित्त, सुब्बारावांचे टपाल तिकीट काढले. पण त्यांची खरी आठवण आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात आहे.