स्वप्नातही जागे राहणारे आचार्य नारोपा

तथागत, सम्राट अशोक, भन्ते नागसेन, महात्मा फुले आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची चरित्रे आपल्या वस्तीतल्या लहान लेकरांनाही माहीत आहेत. पण नालंदा महाविहाराच्या ज्या एका आचार्यांचे नाव आज हजार वर्षांनंतरही तिबेट, लडाख, भूतान आणि सिक्कीममध्ये आदराने घेतले जाते, त्यांचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. ते आचार्य म्हणजे नाडपाद उर्फ नारोपा. विहाराच्या वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेत त्यांचे चरित्र द्यावे, असे आम्हाला वाटले. त्याला कारण आहे. माणूस आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा झोपेत घालवतो. त्या झोपेत मनाचे काय होते, आणि तिथेही स्मृती म्हणजे जागरूकता टिकवता येते का, हा प्रश्न या आचार्यांनी धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

नारोपांचा काळ नेमका सांगणे अवघड. काही अभ्यासक १०१६ ते ११०० असा धरतात, तर काही साठ वर्षे मागे, म्हणजे ९५६ ते १०४० असा धरतात. त्यांच्या जन्माविषयीही दोन कथा आहेत. तिबेटी चरित्रात ते राजघराण्यातले आहेत. पण चौऱ्याऐंशी सिद्धांची जी जुनी चरित्रे आहेत, त्यांत नारोपा दारू विकणाऱ्या जातीत जन्मलेले आणि पुढे लाकडे गोळा करून पोट भरणारे आहेत. बघा, माणूस मोठा झाला की त्याला राजपुत्र करून टाकायचे, ही आपल्याकडची जुनीच खोड! खरे काय ते आज कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण त्याच चौऱ्याऐंशी सिद्धांत चर्मकार चमारिपा आहेत, विणकर तंतिपा आहेत, लोहार कंपरिपा आहेत, धोबी धोबिपाही आहेत. धम्माच्या त्या परंपरेत जातीवरून कोणाला दारात अडवले जात नव्हते, एवढे तरी त्यातून नक्की कळते.

तिबेटी कथा पुढे अशी सांगते. आईवडिलांच्या आग्रहाखातर नारोपांनी लग्न केले, काही वर्षांनी दोघांच्या संमतीने ते मोडले आणि ते भिक्खू झाले. पुढे विद्वत्तेच्या बळावर ते नालंदेला पोचले. नालंदेत दारावरच्या पंडिताशी वाद करून जो टिकेल त्यालाच आत प्रवेश, अशी रीत होती. नारोपा उत्तर दाराचे द्वारपंडित झाले. सूत्रे, विनय, तर्क, सगळे तोंडपाठ. वादात त्यांना हरवणारा कोणी उरला नाही.

एके दिवशी ते ग्रंथ वाचत बसलेले असताना पानावर सावली पडली. वळून पाहतात तो एक कुरूप, जर्जर म्हातारी उभी. तिने विचारले की, बाबा, तू वाचतोस त्याचे शब्द तुला कळतात की अर्थ? नारोपा म्हणाले, शब्द कळतात. म्हातारी आनंदाने नाचायलाच लागली. तिला आणखी बरे वाटावे म्हणून त्यांनी अर्थही कळतो असे सांगितले. तशी ती ढसाढसा रडू लागली. कारण विचारल्यावर तिने सांगितले की पहिले बोलणे खरे होते म्हणून ती नाचली, आणि एवढा मोठा पंडित दुसऱ्या वेळी खोटे बोलला म्हणून तिला रडू आले. मग अर्थ कोणाला कळतो, असे नारोपांनी विचारले. तिने आपल्या भावाचे नाव सांगितले, तिलोपा.

हे तिलोपा कोण? तीळ कुटून पोट भरणारा साधक. तीळ कुटता कुटता ध्यान करणारा. नालंदेच्या सहकाऱ्यांनी खूप समजावले, पण नारोपांनी पद सोडले आणि एका तीळ कुटणाऱ्याच्या शोधात ते पायी निघाले. पंडिताने कष्टकऱ्याकडे शिकायला जायचे, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

वाटेत जे घडले ते तर आपण नीट लक्षात ठेवण्यासारखे आहे. एका अरुंद पायवाटेवर हातपाय झडलेली एक कुष्ठरोगी बाई आडवी पडली होती. नारोपांनी तिला बाजूला व्हायला सांगितले. तिला हलताच येत नव्हते. त्यांच्या मनात करुणा होती, पण किळसही होती. नाक दाबून त्यांनी तिच्यावरून उडी मारली. त्याच क्षणी कथेतली ती बाई वर उठली आणि तिने सुनावले की, ज्याच्या मनातली किळस गेली नाही त्याला गुरू कसा भेटणार? पुढे किडे पडलेल्या कुत्रीच्या बाबतीतही तसेच झाले. म्हणजे काय तर, करुणेवरचे सगळे ग्रंथ पाठ असणारा माणूस प्रत्यक्षात नाक दाबून निघून गेला. विटाळ पुस्तकाने जात नाही! हे ज्यांच्या आजा-पणजांनी भोगले आहे, त्या आपल्या घरांना वेगळे सांगायला नको.

शेवटी तिलोपा भेटले. मग बारा वर्षे नारोपा त्यांच्यामागे हिंडले. या काळात गुरूच्या इशाऱ्यावर त्यांनी छपरावरून उडी मारली, आगीत उडी घेतली, मार खाल्ला, अशा अनेक कथा आहेत. अखेरीस तिलोपांनी पायातली चप्पल त्यांच्या कपाळावर हाणली, नारोपा बेशुद्ध पडले आणि शुद्धीवर आले ते अर्थ कळूनच, असे चरित्रकार सांगतात. आम्ही या गोष्टी रूपक म्हणून वाचतो. रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद मांडून बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथा जशी बुद्धीला पटेल अशी समजावली, तीच नजर इथेही ठेवली पाहिजे. गुरूने सांगितले म्हणून आगीत उडी घेणे हा धम्म नव्हे. स्वतःच स्वतःचा आधार व्हा, ही तथागतांची शिकवण त्याच्या वर आहे. पंडिताचा अहंकार मोडायला बारा वर्षे लागली, एवढे सार घ्यावे आणि बाकीचे सोडून द्यावे.

पुढे नारोपा पुल्लहरी या ठिकाणी राहून शिकवू लागले. तिबेटमधून मार्पा नावाचा गृहस्थ, संसारी माणूस, हिमालय ओलांडून त्यांच्याकडे आला. त्याने भारताच्या तीन वाऱ्या केल्या आणि नारोपांची शिकवण तिबेटी भाषेत नेली. मार्पांकडून ती मिलारेपांकडे आणि त्यांच्याकडून गंपोपांकडे गेली. त्यातून काग्यू ही मोठी परंपरा उभी राहिली. नारोपांच्या नात्यातली एक स्त्री, कोणी तिला बहीण म्हणतात तर कोणी पत्नी, ती निगुमा. तीसुद्धा मोठी आचार्या झाली, आणि तिच्या नावाची साधनेची परंपरा शांग्पा शाखेत आजही चालू आहे. म्हणजे या विद्येत बाईमाणसाला मागे ठेवलेले नव्हते.

नारोपांची शिकवण सहा अंगांची आहे. शरीरातील उष्णतेची साधना, मायाकाय, स्वप्न, प्रभास्वर म्हणजे चित्ताचा मूळ उजेड, मृत्यूनंतरची मधली अवस्था आणि चित्ताचे संक्रमण. यांपैकी स्वप्नाची साधना थोडक्यात सांगतो.

तिची सुरुवात रात्री नव्हे, दिवसा होते. दिवसभर जे दिसते, ऐकू येते, ज्याचा राग येतो, ते सगळे स्वप्नासारखे बदलणारे आहे, असे साधक पुन्हा पुन्हा मनाशी धरतो. रात्री उजव्या कुशीवर निजतो. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात तथागतांचे महापरिनिर्वाण शिल्पात आहे, तशीच ही सिंहशय्या. निजताना तो पक्का निश्चय करतो की स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मी ओळखीन. पहिली पायरी ही ओळखण्याची. दुसरी पायरी बदलण्याची. स्वप्नात वाघ अंगावर आला तर पळायचे नाही, आग दिसली तर तिच्यात पाऊल टाकायचे, लहान वस्तू मोठी करायची, एकाच्या अनेक करायच्या. असे करता करता उमगते की भिवविणारा वाघ आणि भिणारा मी, दोन्ही मनानेच रचलेले आहेत. तिसरी पायरी त्याहून खोल आहे. स्वप्नातली चित्रे विरून जाऊ द्यायची आणि चित्रे नसतानाही जी जाणीव उरते तिच्यात स्थिर राहायचे. यालाच ते प्रभास्वर म्हणतात. स्वप्नात उडायला मिळते, हवे तिथे जाता येते, ही मौज वाटेवरची आहे. तिच्यात रमला तो तिथेच अडकला.

आता कोणी विचारील, हे सगळे खरे कशावरून? प्रश्न रास्त आहे. स्वप्न चालू असताना ते स्वप्न आहे हे कळते, ही गोष्ट आधुनिक शास्त्राने तपासली आहे. १९५३ साली झोपेतली एक अवस्था सापडली. तिच्यात बंद पापण्यांखाली डोळे झरझर हलतात आणि बरीचशी ठसठशीत स्वप्ने तेव्हाच पडतात. त्या वेळी हातपाय जणू लुळे पडलेले असतात, डोळे मात्र हलवता येतात. याचाच उपयोग करून १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी एक प्रयोग केला. झोपलेल्या माणसाने स्वप्नातून, आधी ठरल्याप्रमाणे, डोळे डावीकडे-उजवीकडे हलवून खूण दिली आणि यंत्रावर तिची नोंद झाली. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच दाखवले. २०२१ साली तर अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स या चार देशांतील संशोधकांनी झोपलेल्या माणसांना साधी वजाबाकी विचारली आणि काहींनी झोपेतूनच डोळ्यांच्या खुणेने बरोबर उत्तर दिले! मात्र इथे प्रामाणिक राहिले पाहिजे. झोपेत जागरूकता शक्य आहे, एवढेच या प्रयोगांनी सिद्ध केले. प्रभास्वर किंवा मृत्यूनंतरची अवस्था त्यांनी सिद्ध केलेली नाही.

तरी आपल्या घरांसाठी एवढेसुद्धा पुष्कळ आहे. १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपण जुने देव आणि जुनी भीती टाकून दिली. पण स्वप्नाची भीती अजून काही घरांत चोरपावलांनी वावरते. वारलेले वडील स्वप्नात आले, काही मागत होते, की लगेच कोणीतरी देवऋषी गाठायला सांगतो. मग उतारा, नारळ, कोंबडे आणि पैशाचा चुराडा! तिबेटी परंपरेतही शकुनाच्या स्वप्नांवर विश्वास आहे, तो भाग आपण घेत नाही. पण स्वप्न मन रचते, ही जी नारोपांच्या साधनेची गाभ्याची गोष्ट, ती मात्र देवऋषीचे दुकान बंद करणारी आहे. वडील स्वप्नात येतात कारण ते आपल्या मनात आहेत. त्यांना कोंबडे नको असते. आपल्याला त्यांची आठवण हवी असते.

आणि ही गोष्ट आपल्या पालि परंपरेलाही परकी नाही. सतिपट्ठानात चालताना, बसताना, झोपताना, जागताना, सगळीकडे सावधपणा ठेवायला सांगितले आहे. मेत्ता भावनेच्या अकरा लाभांत सुखाने झोप लागणे आणि वाईट स्वप्ने न पडणे हे सांगितलेले आहेच. तेव्हा उपासक-उपासिकांनी इतके तरी करून पाहावे. निजण्यापूर्वी टी. व्ही. आणि मोबाईल बंद करून पंचशील आठवावे, पाच-दहा मिनिटे मेत्ता भावना करावी. सकाळी डोळे उघडताच ताडकन उठू नये, क्षणभर पडून राहून स्वप्न आठवावे आणि हे माझ्याच मनाने रचले, असे शांतपणे पाहावे. लेकरू रात्री दचकून उठले तर त्याला भुताची गोष्ट सांगू नये. दिवसा त्याच्याकडून त्या स्वप्नाचा शेवट बदलून चांगला करून घ्यावा. ज्यांना झोपच लागत नाही किंवा ज्यांचे मन आजारी आहे, त्यांनी मात्र रात्रीचे असले प्रयोग करू नयेत, डॉक्टरांकडे जावे. त्यात लाज कसली?

नालंदा बाराव्या शतकाच्या अखेरीला उद्ध्वस्त झाले. इथले ग्रंथ जळाले, इथली माणसे पांगली आणि या मातीतल्या एका आचार्याची शिकवण परक्या भाषेत जिवंत राहिली. मार्पासारखा एक गृहस्थ पायी आला नसता तर तीही गेली असती. शिकवण विटांच्या भिंतींत राहत नाही, ती शिकणाऱ्या माणसात राहते. आपला विहार उभा राहिला त्याला आज इतकी वर्षे झाली. फरशी झाली, ध्वनिक्षेपक आला, बुद्धमूर्ती बसली. रोज संध्याकाळी वंदना होते आणि आपल्या पोरींना ती तोंडपाठ आहे, याचा आम्हाला आनंदच आहे. पण त्या म्हातारीचा प्रश्न आपल्या विहाराच्या दारातही उभा आहे. शब्द कळतात की अर्थ? येत्या वर्षावासात रोज एका गाथेचा अर्थ मराठीत समजून घ्यायचा, एवढे जरी आपण ठरवले, तरी नारोपांचे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल.

नमो बुद्धाय! जयभीम!