मिशनच्या छापखान्यातून ‘निर्णयसागर’पर्यंत

संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध व सुबक छपाईसाठी देशभर नावाजलेल्या मुंबईच्या ‘निर्णयसागर’ छापखान्याची मुळे ख्रिस्ती धर्मप्रसारासाठी उभारलेल्या छापखान्यात होती. हा दुवा जोडला जावजी दादाजी चौधरी यांनी.

१८३९ मध्ये गरीब कुटुंबात जन्मलेल्या जावजींचे शालेय शिक्षण जेमतेमच झाले. लहान वयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपयांवर खिळे घासू लागले. काना, मात्रा, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे देवनागरीचे खिळे पाडणे रोमन लिपीपेक्षा कितीतरी अवघड. मिशनचे थॉमस ग्रॅहम यांनी मात्र ठसे कोरून घेऊन लहान, रेखीव अक्षरे घडवली होती. ठसा, ओतकाम, जुळणी आणि छपाई ही कामे तेथे एका छपराखाली चालत. जावजींची शाळा हीच. त्यांच्या आधी गणपत कृष्णाजी यांनीही येथेच अनुभव घेऊन स्वतःचा छापखाना काढला होता.

पुढे ‘टाइम्स ऑफ इंडिया’ आणि ‘इंदुप्रकाश’ येथे नोकरी करून जावजींनी १८६४ मध्ये स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला. अक्षरे कोरण्यात निष्णात असलेले राणोजी रावजी आरू यांची त्यांना साथ लाभली. १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ सुरू झाला. आधी खिळे, मग छपाई, हा क्रम महत्त्वाचा ठरला. अक्षरांसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहायचे नाही, ही मिशनची रीत जावजींनी जशीच्या तशी उचलली.

हेतू मात्र त्यांनी उचलला नाही. ज्या कारागिरीतून धर्मांतराची पुस्तके निघाली, तिच्यातूनच आता पंचांगे, पुराणे आणि काव्ये निघू लागली. १८८६ पासून पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली ‘काव्यमाला’ प्रसिद्ध होऊ लागली आणि हस्तलिखितांत अडकलेले अनेक संस्कृत ग्रंथ अभ्यासकांच्या हाती आले. मुद्रिते शास्त्र्यांकडून तपासून घेण्याचा कटाक्ष ही जावजींची स्वतःची भर. जुन्या धन्याकडून हत्यारे घेतली, पण त्यांनी काय घडवायचे हे स्वतः ठरवले.

१८९२ मध्ये जावजींचे निधन झाले. त्यानंतर पुत्र तुकाराम जावजी यांनी कारभार सांभाळला. ‘निर्णयसागर’चे खिळे इतर छापखान्यांतही पोहोचले होते. खिळे घासणाऱ्या एका पोराने मिळवलेली विद्या अशी पुढच्या पिढ्यांच्या वाचनात उतरली.