डॉ. कोटणीस आणि आपला प्रथमोपचाराचा पेपर

परीक्षेआधी आमच्या भिलाईच्या वर्गात मी प्रथमोपचाराची उजळणी घेतो, तेव्हा डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची गोष्ट मुद्दाम सांगतो. मुद्दे घोकून पाठ होतात, पण ते कशासाठी आहेत हे या माणसाच्या आयुष्यात दिसते.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. पुढच्या शिक्षणाचे मनात होते, तोच १९३८ साली चीनकडून मदतीची हाक आली. जपानने तिथे आक्रमण केले होते आणि जखमींसाठी डॉक्टर पुरत नव्हते. काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले: अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. चोळकर नागपूरचे. तेव्हा आपला दुर्ग जिल्हाही नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत-वऱ्हाडातच होता, म्हणजे आपल्याला ही गोष्ट तशी घरचीच.

उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात जखमीला मागे आणण्यातच फार वेळ जाई. म्हणून कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून शस्त्रक्रियेचे सामान खेचरांवर लादून आघाडीजवळ नेत. शस्त्रक्रिया करताना त्यांचे बोट कापले, विष रक्तात भिनले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. रक्ताला हात लावण्याआधी हातमोजे घाला, हा मुद्दा आमची मुले उत्तरात सर्वांत शेवटी लिहितात!

१९४० च्या एका लढाईत कोटणीसांनी सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्या आणि आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले, असे सांगतात. एवढ्या गर्दीत आधी कोणाला हात लावायचा? ओरडणाऱ्याला नव्हे. ज्याचा श्वास अडतो आहे किंवा रक्त धो धो वाहते आहे, तो आधी. मोडलेला हात थोडा थांबू शकतो. रक्त थांबवायला जखमेवर थेट दाब द्यायचा. हातापायाचे रक्त तरीही थांबेना, तर जखमेच्या वर आवळपट्टी बांधायची आणि बांधल्याची वेळ लिहायची.

जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्याच नावाच्या रुग्णालयाचे ते संचालक झाले. ते चिनी शिकले, चिनीतून शिकवू लागले. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी शस्त्रक्रियेच्या सामान्य तत्त्वांचे पुस्तक लिहिले आणि दुसरे हाती घेतले. आपण उजळणीच्या वह्या काढतो, तसलेच हे काम, फक्त त्या मुलांची परीक्षा आघाडीवर होती. १९४१ सालीच त्यांनी ग्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. पुढच्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव इनह्वा, म्हणजे भारत आणि चीन.

पण कोटणीसांना अपस्माराचे झटके येत होते. काम त्यांनी सोडले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी अशाच झटक्यांनी त्यांचा अंत झाला. वय अवघे बत्तीस. दुसरे पुस्तक अपुरे राहिले.

अपस्मार म्हणजे आपल्याकडची फिट, इथल्या भाषेत मिर्गी. यावर प्रश्न आला की अजूनही कोणी कांदा किंवा चप्पल हुंगवायची असे लिहितो. पालकांनीही हे वाचावे. काही हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. आसपासच्या टणक वस्तू दूर सारा, डोक्याखाली मऊ काही ठेवा. झटके थांबले की कुशीवर वळवा आणि श्वास नीट चालतो ना ते बघा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी देऊ नका. घड्याळ पहिल्या क्षणापासून बघायचे. झटका पाच मिनिटांपुढे गेला किंवा शुद्ध न येता दुसरा आला, तर लगेच १०८ ला फोन करा.