डॉ. विल्यम केरी यांची फुलबाग

दसरा-दिवाळीच्या सुमारास सुप्याहून नगरकडे जाणाऱ्या मनुष्यास वाटेंत झेंडूचे पिवळे-केशरी पट्टे दिसतात, आणि हें तर आपल्याच मातीचें फूल असें त्यास सहज वाटतें. परंतु झेंडू मूळचा मेक्सिको देशांतला आहे. अंगणांतली गुलबक्षी दक्षिण अमेरिकेंतून आली आणि सदाफुली मादागास्कर बेटांतून. कोणीं तरी मूठभर बी पुडींत बांधली, गलबतावर जपून ठेविली, आणि येथें उतरल्यावर ती मातींत टाकली, म्हणून आज आपल्या दारीं तोरण लागतें. त्या आणणारांपैकीं बहुतेकांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत. परंतु दूरदेशचें बियाणें या देशांत रुजविण्यासाठीं ज्यानें जन्मभर खटपट केली अशा एका पुरुषाचें नांव आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसहि ठाऊक आहे. ते डॉ. विल्यम केरी होत. शास्त्राचें भाषांतर करणारे म्हणून आपण त्यांस ओळखतों. माळी म्हणून फार थोडे ओळखतात.

केरी यांचा जन्म ता. १७ ऑगस्ट १७६१ रोजीं इंग्लंडांत नॉर्थँप्टन परगण्यांतील पॉलर्सपरी या खेड्यांत झाला. बाप एडमंड हा हातमागावर कापड विणणारा. पुढें तो गांवचा शाळामास्तर झाला. घरीं संपत्ति म्हणावी अशी कांहीं नव्हती. पीटर नांवाचा एक चुलता कानडा देशांत शिपाईगिरी करून परत आला होता व गांवांत माळीकाम करीत असे. त्यास मूलबाळ नव्हतें. त्यानें या पुतण्यास जवळ केलें आणि झाडांचीं नांवें, त्यांच्या जाती, लावण्याच्या वेळा शिकविल्या. मुलगाहि असा कीं, रस्त्यानें चालतांना कुंपण पाहिल्यावांचून पुढें जावयाचा नाहीं. त्याच्या निजावयाच्या खोलींत किडे, पक्षी आणि रोपें यांची दाटी असे. तो कोठें बाहेर गेला म्हणजे पांखरें आपल्या धाकट्या बहिणीच्या, मेरीच्या, स्वाधीन करी. ती बिचारी प्रेमानें इतकें चारी कीं त्यांतलीं कांहीं मरून जात. भाऊ परत येऊन दुःखी होई, पण पुढच्या खेपेस पुन्हां तिच्यावरच भरंवसा टाकी.

अशा मुलानें माळीच व्हावयाचें. पण तसें घडलें नाहीं. उन्हांत काम केलें कीं त्याचें तोंड व हात यांवरील कातडी भाजल्यासारखी होई. दोन वर्षें शेतांत काढून पाहिलीं, शेवटीं बापानें निरुपायानें त्यास मोच्याच्या दुकानांत उमेदवार म्हणून ठेविलें. सावलींत बसून जोडे शिवतां शिवतां तो लॅटिन, ग्रीक व हिब्रू शिकला. ज्यास इंग्लंडचें कोंवळें ऊन सोसेना, त्याला देवानें पुढें एकेचाळीस वर्षें बंगालच्या उन्हांत ठेविलें, हें पाहून मला नेहमीं नवल वाटतें.

लग्न, बाप्तिस्मा, मोल्टन व लेस्टर येथील पाळकपण, सन १७९२ सालीं मिशनरी संस्थेची स्थापना, या गोष्टी आपल्या वाचकांनीं अनेक वेळां ऐकल्या आहेत, म्हणून त्या येथें लांबवीत नाहीं. एवढेंच सांगतों कीं, जेथें त्यांचें बिऱ्हाड पडलें तेथें त्यांनीं थोडी तरी बाग केली. सन १७९३ च्या नोव्हेंबरांत ते बायको, मेहुणी व चार मुलें घेऊन कलकत्त्यास उतरले. हातीं पैसा नाहीं, कंपनी सरकारची परवानगी नाहीं, बायकोची मुळांत येण्याची इच्छा नव्हती. कांहीं महिने सुंदरबनाच्या कडेस काढले, आणि मग मालदा जिल्ह्यांत मदनावती येथें निळीच्या कारखान्यावर देखरेखीची नोकरी मिळाली.

त्याच सालीं, म्हणजे १७९४ त, पांच वर्षांचा पीटर हगवणीनें वारला. हाच तो चुलत्याच्या नांवाचा मुलगा. जातिबाह्य होण्याच्या भीतीनें थडगें खणावयास माणूस मिळणें कठीण झालें. शेवटीं चार मुसलमान गृहस्थांनीं तें काम केलें. डोरोथीबाईंचें मन त्या दुःखानंतर कधींच ठिकाणावर आलें नाहीं. सन १८०७ सालीं मरेपर्यंत त्यांचें वेड टिकलें, आणि त्या घरांतच त्यांच्या ओरडण्याच्या आवाजांत केरीसाहेब शेजारच्या खोलींत भाषांतर करीत बसत.

या काळांतलें त्यांचें एक पत्र विलायतेस गेलें. संस्थेकडून काय पाहिजे तें त्यांत लिहिलें आहे. आपल्यासाठीं पगार मागितला नाहीं, कारण कारखान्यांतून पोट भरत होतें. मागितले ते विळे, कोयते, नांगराची चाकें, आणि दरवर्षीं भाजीपाला, फुलें व फळझाडें यांच्या मिळतील तितक्या जातींचें बियाणें. त्याची किंमत आपण नियमानें पाठवूं असें त्यांनीं कबूल केलें, व ज्या देशास आतां आपला म्हणतों त्याचें यानें कायमचें हित होईल असें कारण दिलें. येऊन वर्षहि झालें नव्हतें, पोटचा मुलगा जाण्याचे हे दिवस, आणि त्यांनीं या देशास आपला देश म्हटलें! बी कशी बांधावी हेंहि सांगितलें: कागदाच्या पुड्यांत, नाहीं तर घट्ट बुचाच्या बाटल्यांत.

ही शेवटची सूचना आपल्या बायाबापड्यांस लगेच पटेल. त्या काळीं विलायतेहून येणारें जहाज आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांनीं येथें पोंचे. बीमध्यें जीव असतो. ओल आणि उष्णता एकदम लागली कीं तो पेटीतच जागा होतो, आणि उजेड न मिळाल्यानें गुदमरून मरतो. म्हणूनच आपल्याकडे बी उन्हांत खडखडीत वाळवून राखेंत घोळतात व मडक्याचें तोंड लिंपून ठेवितात. झेंडूचें बोंड देठापर्यंत सुकल्यावरच काढावें. आंतल्या काळ्या बारीक काड्या म्हणजेच बी. तेरड्याची गोष्ट निराळी. त्याची शेंग पिकली कीं बोट लागतांच फुटते व बी उडून जाते, म्हणून ती फुगून पिवळट होतांच हळूच काढून कापडांत ठेवावी. आणि बी धरावयाची ती सगळ्यांत जोमदार, पहिल्या बहराच्या झाडाची. विकून उरलेल्या खुरट्या झाडाची नव्हे. मंडळींतील पुष्कळ बायका हें उलट करितात, आणि मग दोन-तीन वर्षांत फूल लहान होत गेलें म्हणून मातीला दोष देतात.

ता. १० जानेवारी १८०० रोजीं केरी श्रीरामपूर येथें आले. (हें आपलें गोदावरीथडीचें श्रीरामपूर नव्हे, बंगालमधलें, हुगळी नदीच्या कांठचें. तें तेव्हां डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यांत होतें.) तेथें मार्शमन व वॉर्ड या सोबत्यांसह त्यांनीं छापखाना घातला, आणि घरामागें सुमारें पांच एकरांची बाग केली. सन १८०१ पासून ते कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेजांत बंगाली, संस्कृत व पुढें मराठी शिकवूं लागले. वैजनाथ पंडितांच्या साह्यानें त्यांनीं १८०५ सालीं मराठी व्याकरण, १८१० सालीं मोडी लिपींत मराठी कोश, आणि १८११ सालीं मराठी नवा करार छापून काढला. पगार मोठा होता, पण तो बहुतेक सगळा मिशनच्या सामाईक पेटींत जाई. स्वतःस ठेवीत त्यांतला कांहीं भाग बागेकडे लागे.

बाग हौशी श्रीमंताची नव्हती. लिन्नियस या स्वीडनच्या पंडितानें वनस्पतींची जी वर्गवारी केली तिच्या क्रमानें तेथें झाडें लाविलेलीं असत, आणि सूर्योदयाच्या सुमारास केरी तेथें एकटेच फिरत प्रार्थना करीत. कलकत्त्याच्या सरकारी बागेचे डॉ. रॉक्सबर्ग हे त्यांचे स्नेही. त्यांनीं एका वृक्षवर्गास केरी यांच्या नांवावरून केरिया हें नांव दिलें. त्यांतला एक वृक्ष आपल्या सह्याद्रींत सर्वत्र आहे: कुंभा. चैत्राच्या सुमारास पानगळ झालेल्या फांद्यांवर त्याचीं मोठीं पांढरीं फुलें येतात, रात्रीं उमलतात आणि सकाळीं खालीं पडलेलीं दिसतात. अकोले-जुन्नरकडील आपल्या भावांस हें झाड ठाऊक असेल. रॉक्सबर्ग विलायतेस परतल्यावर व पुढें १८१५ सालीं वारल्यावर त्यांचे ग्रंथ केरी यांनीं श्रीरामपुरास छापून प्रसिद्ध केले.

पत्रांचा ओघ चालूच होता. इंग्लंडांतील एका पाळक मित्रास त्यांनीं सुचविलें कीं, एखाद्या पोरास रोज एक पेनी देऊन रानांतल्या साध्या फुलांच्या बिया गोळा करावयास लावा, तीन महिन्यांस एक पेटी भरेल. मुलगा जाबेझ मोलुक्का बेटांत गेला, तर त्यासहि ताकीद कीं, रोपें पाठवावयाचीं तीं निघण्यापूर्वीं कांहीं महिने पेटींतच लावून मुळें धरूं द्यावीं. मागणें राजवाड्यांतल्या दुर्मिळ फुलांपुरतें नव्हतें. कुरणांत गाईबैल तुडवितात तीं फुलें त्यांस पाहिजे होतीं.

त्यांतलेंच एक डेझी. जमिनीलगतच्या पानांच्या चक्रांतून वीतभरहि उंच नसणारा देठ, वर पांढऱ्या पाकळ्यांचें बारीक फूल, मध्यें पिवळा ठिपका. इंग्लंडांत त्याला कोणी वळूनहि पाहत नाहीं. सन १८२१ च्या सुमारास शेफील्ड जवळच्या एका वनस्पतिशास्त्रज्ञ मित्रानें बियांची एक पिशवी पाठविली. बरोबर तिकडची थोडी माती होती. बिया काढून घेतल्यावर आपण पिशवी फेकून दिली असती. केरी यांनीं, एखादा कण वायां जाऊं नये म्हणून, ती एका सावलीच्या वाफ्यावर झटकली. कांहीं दिवसांनीं पाहतात तों तेथें डेझी उगवलेली! तीस वर्षांत तें फूल त्यांनीं पाहिलें नव्हतें आणि पुन्हां पाहण्याची आशाहि सोडली होती. युरोप सोडल्यापासून इतका निर्मळ आनंद आपणास क्वचितच झाला, असें त्यांनीं मित्रास कळविलें. तें पत्र शेफील्डचे कवि जेम्स माँटगोमेरी यांच्या दृष्टीस पडलें व त्यांनीं त्या फुलावर कविता केली.

कवितेपुढची हकीकत मला अधिक मोलाची वाटते, आणि ती फारसे कोणी सांगत नाहीं. विलायतेंत डेझीचें मूळ वर्षानुवर्षें जमिनींत जगतें. बंगालच्या पावसाळ्यांत तें कुजे. आडोसा केला, छप्पर केलें, तरी जुनें मूळ पावसांतून पार पडलें असें एकदांहि झालें नाहीं. तेव्हां उपाय एकच, फुलांचें बी दरवर्षीं धरावयाचें आणि पाऊस सरल्यावर पुन्हां पेरावयाचें. बी पुष्कळ असली तरी रोपें थोडींच उठत. सहा-सात वर्षांनीं त्यांनीं लिहिलें कीं, एवढ्या कष्टानंतर आपल्याजवळ आतां एकच रोप उरलें आहे. या वर्षांत त्यांच्या दुसऱ्या पत्नी वारल्या होत्या. अनेक भाषांचीं मुद्रितें त्यांच्या मेजावर होतीं. विलायतेंतील संस्थेशीं तंटा चालूं होता. त्यांतून वेळ काढून हा म्हातारा पुरुष बोटाच्या पेराएवढ्या रोपांवर सावली धरीत होता.

सन १८२३ च्या ऑक्टोबरांत होडींतून उतरतांना पाय घसरून त्यांच्या कमरेस जबर दुखापत झाली, आणि ते अंथरुणावर असतांनाच दामोदर नदीचा पूर आला. नदीकांठ ढांसळूं लागला, त्यांस दुसऱ्या घरांत हलवावें लागलें. बाग कित्येक दिवस पाण्याखालीं होती. पाणी ओसरलें तेव्हां वीस-बावीस वर्षांच्या मेहनतीचा मोठा भाग गेला होता. वय बासष्ट, चालावयास कुबड्या. त्यांनीं पुन्हां बियांसाठीं पत्रें लिहावयास घेतलीं आणि बाग पुन्हां उभी केली. १८१२ सालीं छापखान्यास आग लागून हस्तलिखितें जळालीं तेव्हांहि त्यांनीं असेंच केलें होतें. कोश व व्याकरणें पहिल्या पानापासून लिहिलीं.

ही विद्या एका कुंपणाआड राहूं नये म्हणून त्यांनीं सन १८२० च्या सप्टेंबरांत कलकत्त्यास शेती व बागाईत यांची एक संस्था स्थापन केली. तींत इंग्रजांबरोबर हिंदी गृहस्थांसहि सभासद करून घेतलें, चांगलें बियाणें वांटावें, उत्तम पीक काढणाऱ्यास बक्षीस द्यावें, असे तिचे हेतु होते. १८२४ सालीं ते तिचे अध्यक्ष झाले. आपल्या पश्चिम हिंदुस्थानांत अशीच संस्था १८३० सालीं निघाली. पुण्याची एम्प्रेस बाग आजहि तिच्याच ताब्यांत आहे, व तेथील माघाच्या सुमाराचें फुलांचें प्रदर्शन आपल्यापैकीं कित्येकांनीं पाहिलें असेल.

शेवटच्या दिवसांत केरी यांस चालतां येईना. तेव्हां चाकांच्या खुर्चींत बसवून त्यांस बागेंतून फिरवून आणीत. तेंहि जमेनासें झालें, तेव्हां हलधर नांवाचा मुख्य माळी त्यांच्या बिछान्यापाशीं येई आणि कोणतें रोप कसें आहे तें सांगे. एकदां ते फार खिन्न दिसले. मार्शमन यांनीं कारण विचारलें, तेव्हां त्यांनीं मनांतली भीति सांगितली कीं, आपण गेल्यावर मार्शमनबंधु बागेंत गाई सोडतील. मार्शमन यांस झाडांचा नाद नव्हता. तरी, ज्या बागेंत तुम्हांस एवढा आनंद वाटला ती राखणें मी पवित्र कर्तव्य समजेन, असें वचन त्यांनीं दिलें.

ता. ९ जून १८३४ रोजीं केरी यांनीं प्राण सोडला. मार्शमन त्यांच्यामागें साडेतीन वर्षें जगले. वाळविलेल्या वनस्पति, शिंपले व किडे यांचा संग्रह मृत्युपत्राप्रमाणें श्रीरामपूर कॉलेजास गेला. बाग पुढें हातांतून गेली आणि तिच्या जागीं तागाची गिरणी उभी राहिली.