मश्क आणि इस्लाह : चित्रकार आबालाल रहिमान



आपल्या जिवतीच्या पहाडावर चित्रे काढणारी मुले नाहीत असे कोण म्हणेल? कोणाच्या वहीच्या मागच्या पानावर बैलजोडी असते, कोणाच्या पाटीवर माणिकगडचा बुरूज असतो. पण कोणी पाहावयास आले की तोच हात चित्रावर आडवा पडतो. चूक दिसेल, हसे होईल, ही धास्ती! घरातील वडीलधाऱ्यांचीही समजूत अशी की चित्रकला ही जन्मजात देणगी आहे; ती ज्याच्या हातात आहे त्याला शिकवावे लागत नाही, आणि ज्याच्या हातात नाही त्याने कागद फुकट घालवू नये. या धास्तीला आणि या समजुतीला उत्तर म्हणून महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाच्या, कोल्हापूरच्या, एका चित्रकाराची हकीगत आज आपणांस सांगावयाची आहे. त्यांचे नाव आबालाल रहिमान.

आबालाल यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्यांचे घराणे पवित्र कुराणाच्या हस्तलिखित प्रती करणाऱ्यांचे. हे काम किती कष्टाचे आहे ते आपणांपैकी जाणत्यांना ठाऊकच आहे. शिकणारा मूल तख्तीवर मुलतानी माती फासून बरूच्या लेखणीने एकच अक्षर पुन्हा पुन्हा गिरवते. त्याला मश्क म्हणतात. अक्षराची उंची आणि रुंदी अंदाजाने ठरत नाही. लेखणीच्या टोकाने काढलेल्या नुक्त्यांनी ती मोजली जाते. अलिफ किती नुक्त्यांचा उंच असावा याचा हिशेब ठरलेला असतो. मग उस्ताद तख्ती हाती घेतात आणि कोठे वळण चुकले, कोठे लेखणी दाबली गेली ते दाखवितात, ही इस्लाह. इस्लाह म्हणजे सुधारणा. तीत अपमान नाही. जो उस्ताद चूक दाखवितो तोच शागिर्दाची खरी काळजी वाहतो, अशी या विद्येची रीत आहे. आबालाल अशा घरात वाढले.

पुढे ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. 1857 साली सुरू झालेल्या या शाळेचे प्रमुख त्या काळी जॉन ग्रिफिथ्स होते. शाळेच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करून घेणारे ते हेच गृहस्थ. तेथील शिक्षणाची वाट पायरीपायरीची होती. नव्या विद्यार्थ्याच्या हाती रंग दिले जात नसत. आधी नमुन्यावरून नुसत्या बाह्यरेषा, मग घन वस्तू, मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाशाचा अभ्यास, आणि हे सारे पचल्यावर समोर बसलेला जिवंत माणूस. पहिली पायरी कच्ची राहिली की दुसरीवर पाय घसरणारच. तख्तीवरच्या मश्केशी हा क्रम किती जुळतो ते पाहा! तेथे माप नुक्त्याचे, येथे माप हात लांब करून डोळ्यासमोर धरलेल्या पेन्सिलीचे. उस्तादाची नजर मात्र दोन्हीकडे लागते. या अभ्यासात आबालाल यांनी एवढी प्रगती केली की 1888 साली त्यांना व्हाइसरॉयचे पदक मिळाले. विद्यार्थिदशेतील त्यांची अभ्यासचित्रे त्या शाळेच्या संग्रहात पुढेही जपली गेली.

येथे हकीगत संपली असती तर ती केवळ एका हुशार विद्यार्थ्याची हकीगत झाली असती. परंतु पदक मिळविलेला हा तरुण मुंबईत नाव कमावण्यासाठी थांबला नाही. तो कोल्हापूरला परतला. तेथे ना तशी कलाशाळा होती, ना रोज चित्र तपासणारे शिक्षक. कितीतरी बुद्धिमान मुलांची विद्या अशा जागी थिजून जाते. आबालाल यांची विद्या मात्र वाढली, कारण त्यांनी मश्क सोडली नाही. गावाजवळच्या कोटितीर्थ तलावाचा परिसर त्यांनी पुन्हा पुन्हा चितारला. तेच पाणी, तीच झाडे; पण सकाळचा प्रकाश निराळा, सायंकाळचा निराळा. जवळजवळ त्याच सुमारास, 1890-91 साली, फ्रान्समध्ये क्लोद मोने हा चित्रकार शेतातील गवताच्या गंजी वेगवेगळ्या वेळी रंगवीत होता. दोघांची पद्धत एकच : समोरच्या सृष्टीलाच उस्ताद करावे. चित्र आणि सृष्टी शेजारी शेजारी ठेवली की सृष्टी आपणहून चूक दाखविते.

छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. तरीही आबालाल यांची राहणी फकिरासारखी, एकांतप्रिय राहिली. 28 डिसेंबर 1931 रोजी ते वारले. कोल्हापूरच्या चित्रकारांच्या पुढच्या पिढ्यांनी त्यांना आपल्या परंपरेतील वडीलधाऱ्याचा मान दिला. त्याच कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर 1890 साली जे. जे. मध्ये शिकावयास गेले, 1896 पासून तेथेच शिकवू लागले आणि 1931 पर्यंत इतरांच्या चित्रांतील चुका दुरुस्त करीत राहिले. स्वतः इस्लाह घेतलेलाच पुढे इस्लाह देऊ शकतो.

आता आपल्या पहाडाकडे वळू. येथून मुंबई दूर आहे हे खरे. पण पाण्याची घागर, कापसाचे बोंड, सागाचे पान यांची आपल्याकडे वाण नाही. विद्यार्थी मित्रांनो, रोज एक पान घ्या. प्रथम सरळ रेषा, मग वर्तुळ, मग घागरीचे तोंड काढा. ते वरून गोल दिसते, पण बाजूने पाहिले की चपटे दिसते. ते का, याचा विचार करा. पेन्सिल समोर धरून उंचीशी रुंदी ताडून पाहा. पानावर तारीख घाला आणि जुने पान फाडू नका. सहा महिन्यांनी तेच तुमची प्रगती सांगेल. शाळेतून एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना बसा. वस्तुचित्र आणि स्मरणचित्र यांचा पाया हाच आहे. आणि चित्र दाखविताना ते कसे झाले असे विचारू नका. कोठे चुकले ते विचारा. पहिल्या प्रश्नाला उत्तर स्तुतीचे येते, दुसऱ्याला उपयोगाचे.

पालक आणि शिक्षक बंधूंनो, तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. मुलाच्या चित्राला हसू नका, आणि खोटे वाहवाही करू नका. एका वेळी एकच चूक दाखवा, काय साधले तेही सांगा, आणि खोडरबर मुलाच्याच हाती राहू द्या. तुम्ही दुरुस्त केलेली रेषा तुमची होते, त्याची होत नाही. आपल्यातील एखाद्या मुलाचा हात उद्या चित्रावर आडवा न पडता चित्र पुढे करील, तर आबालाल रहिमान यांची याद आपण योग्य रीतीने जागविली असे होईल.