तळीरामाचा आग्रह

राम गणेश गडकरी गेले तेव्हा त्यांचे चौतिसावे वर्षही पुरे झाले नव्हते. २६ मे १८८५ रोजी नवसारीला जन्म, आणि २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेरला अखेर. वडील लहानपणीच गेले. शाळेची सुरुवात गुजरातीत झाली. पुढे पुण्याला येऊन त्यांनी फर्ग्युसन कॉलेजची पायरी चढली, पण पदवी काही हाती लागली नाही. किर्लोस्कर नाटक मंडळीत मुलांना शिकवण्याचे काम मिळाले आणि शिकवता शिकवता मास्तरच रंगभूमीचे झाले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना त्यांनी गुरू मानले. कवितेत ते गोविंदाग्रज, विनोदात बाळकराम. एवढ्याशा आयुष्यात पूर्ण नाटके चारच लिहून झाली. त्यांतले ‘एकच प्याला’ माझ्यामागे जन्मभर लागले आहे.

मी बँकेत होतो. थकलेल्या पीककर्जाच्या वसुलीला खेड्यात गेलो की पुष्कळदा कर्जदार घरात नसे. दाराआडून बाई बोले. पाऊस, कापूस, बोंडअळी असे सगळे सांगून झाल्यावर ती गप्प होई, आणि त्या गप्प होण्यातच खरे कारण असे. सिंधू मला नाटकात भेटली त्याआधी अशा उंबरठ्यांवर भेटली होती.

मध्यंतरी सोनपेठला आम्ही पाच-सहा निवृत्त मंडळी जमलो होतो. यजमानांच्या मुलाने परदेशाहून फ्रेंच व्हिस्कीची बाटली आणली होती. माल्ट आणि ग्रेन व्हिस्की एकत्र करून बनवलेली, वाळल्या गवताच्या रंगाची. वास पिकल्या सफरचंदासारखा, घशाला कुठे ओरखडा नाही. खोटे कशाला बोलू, चांगली होती. आमच्यातल्या एका स्नेह्याने बारा वर्षांपूर्वी सोडलेली. यजमानांनी अगदी मायेने त्यांच्यापुढेही ग्लास सरकवला. अहो, ही हलकी आहे, असे सगळेच म्हणू लागले. मी बाटलीवरची चिठ्ठी वाचली. मद्यार्क चाळीस टक्के. हलकेपणा होता तो चवीचा. मद्यार्कात काही सूट नव्हती. स्नेही उठून अंगणात गेले. बराच वेळ कुणी काही बोलले नाही.

त्या रात्री मला सुधाकर नव्हे, तळीराम आठवला. दारूच्या दुष्परिणामांवर व्याख्याने पुष्कळ झाली आहेत. गडकऱ्यांनी पाहिली ती पेला पुढे करणाऱ्याची सहानुभूती. सुधाकर बुद्धिमान वकील. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळ रद्द होते, आणि तो मान खाली घालून बसलेला असताना तळीराम दुःख विसरायचा उपाय घेऊन येतो. त्याच्या वागण्यात शत्रूचे काही नाही. तो खरोखरच मित्रासारखा वागतो. पुढे तो आर्यमदिरामंडळ काढतो. सभा, ठराव, चर्चा, सारे कसे रीतसर! प्रेक्षक पोट धरून हसतात. हसता हसता आपणही मंडळाचे सभासद होतो, ही गडकऱ्यांची खरी करामत. मग सिंधूच्या हाती जाते येते, सुधाकराच्या हातून मूल जाते, सिंधू जाते आणि शेवटी तो स्वतः. तळीरामही वाचत नाही.

माझ्या मते गडकऱ्यांची भाषा कधी कधी फार नटते, आणि सिंधूची सहनशीलता आज पटत नाही. तिने घर सोडायला हवे होते, असे माझी सून म्हणते, आणि मी वाद घालत नाही. तळीराम मात्र तसूभरही जुना झालेला नाही.

अखेरच्या दिवसांत, आजारी असताना सावनेरला भावाकडे राहून गडकऱ्यांनी ‘भावबंधन’ पुरे केले. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलेले त्यांना पाहता आले नाही. त्यातली पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्याला पहिला प्रयोग केला, तेव्हा नाटककाराला जाऊन महिनाही झाला नव्हता. गणपतराव बोडस सुधाकर झाले होते, आणि भरजरी शालूंसाठी ख्याती असलेले बालगंधर्व ठिगळांचे लुगडे नेसून जात्यावर बसले होते.