विश्लेषण : पेशवे गेले, वाडा राहिला... विश्रामबागवाड्याचे धनी कसे बदलले?

पुण्यातील बाजीराव रस्ता थोरल्या बाजीरावांच्या नावाचा, पण त्यावरचा विश्रामबागवाडा त्यांच्या नातवाचा. दुसरे बाजीराव हे मराठेशाहीचे अखेरचे पेशवे. त्यांची सत्ता बुडाली, तरी वाडा मात्र टिकला. तो कसा?

वाडा कोणी बांधला?
रघुनाथराव आणि आनंदीबाई यांचे पुत्र बाजीराव १७९६ मध्ये पेशवे झाले. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पराभव केल्यावर त्यांनी वसईत इंग्रजांशी तह केला. गादी परत मिळाली, पण इंग्रजांच्या बळावर. त्यानंतरच हा तीन चौकी वाडा उभा राहिला. सुरूच्या आकाराचे लाकडी खांब ही त्याची ओळख. बाजीराव येथे सुमारे ११ वर्षे राहिले.

पेशव्यांनंतर काय झाले?
नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई हरल्यावर बाजीरावांनी पुणे सोडले. जून १८१८ मध्ये ते जॉन माल्कम यांना शरण गेले. वर्षाला आठ लाख रुपये तनखा घेऊन ते कानपूरजवळच्या बिठूरला राहिले. पुण्यात पुन्हा आले नाहीत.

वाडा इंग्रजांकडे गेला. १८२१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पेशवे विद्वानांना जी दक्षिणा वाटत, त्याच निधीतला पैसा तिला मिळाला. २८ जानेवारी १८५१ रोजी बाजीरावांचे निधन झाले. त्याच वर्षी ही पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज स्थापन झाले. तेच पुढचे डेक्कन कॉलेज. बाजीरावांचा तनखा मात्र दत्तकपुत्र नानासाहेबांना नाकारला गेला. १८५७ च्या उठावात ते इंग्रजांविरुद्ध उभे ठाकले.

वाडा वाचला कसा?
शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. आज तेथे तट, दरवाजे आणि जोतीच उरली आहेत. १८७९ मध्ये विश्रामबागवाड्यालाही आग लागली आणि पूर्वेकडचा भाग जळाला. पण तो पुन्हा उभारला गेला, कारण वाडा वापरात होता. पुढे येथे शाळा भरली, नगरपालिकेचा कारभार चालला, टपाल कार्यालयही आले.

आज महत्त्व काय?
वाडा आता महापालिकेच्या ताब्यात आहे. ज्या पेशव्यांच्या हातून राज्य गेले, त्यांचेच घर पुढे पुणेकरांच्या शिक्षणाच्या आणि नागरी कारभाराच्या कामी आले. जुनी वास्तू टिकवायची, तर तिला नुसते कुलूप लावून भागत नाही. तिचा वापर आणि देखभाल दोन्ही लागतात.